अस्तर

"दादा, वाजवलंय झकास," संगीतकार फोनवर म्हणाला, "पण मागे कुणीतरी ठोकतंय."

तो स्वयंपाकघरात चहा गाळत उभा होता. ठोकतंय म्हणजे काय, हे त्याला पटकन कळलं नाही. संगीतकार त्याच्याहून बराच लहान, बोलायला गोड, आणि गोड बोलणाऱ्याशी भांडता येत नाही ही पंचाईत. "सैल काहीतरी असेल हो तिकडे. बिजागरी, कडी, असंच काही. तुम्ही वाजवता तेव्हाच येतं, आणि तुमच्या जरासं मागून. तेवढं बंद करा, म्हणजे पुढचं सगळं काम मी तुमच्याकडेच देतो." फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की चहा कपाबाहेर चाललाय. पन्नाशी उलटलेल्या गिटारवाल्याला पुढचं सगळं काम देतो असं कुणी म्हटलं, तर त्याने खरं म्हणजे उड्या मारायला हव्यात. पण आपल्याच घरात काहीतरी वाजतंय, ते आपल्याला ऐकू आलं नाही आणि एका परक्या माणसाने ते दाखवून दिलं, ह्याची लाज त्याला कामाच्या आनंदापेक्षा मोठी वाटली. ओटा पुसून तो आपल्या खोलीत गेला, हेडफोन चढवला आणि पाठवलेलं रेकॉर्डिंग कान देऊन ऐकू लागला. होतं खरं. बारीक, कोरडं, टक् असं. तालाला धरून, पण प्रत्येक वेळी किंचित उशिरा, विसरभोळ्या माणसाला मधेच आठवण व्हावी तसं.

त्याची खोली म्हणजे पूर्वीची अडगळीची जागा. एक खुर्ची, कॉम्प्युटर आणि भिंतीला टांगलेल्या गिटारी मावल्या की खोली संपली. दार लावून घ्यायचं तर पोट आत घ्यावं लागे. घरातला स्टुडिओ म्हणून सांगताना तो नेहमी घाईने सांगायचा. गिटारचा अँप, म्हणजे तिचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा खोका, तिथे ठेवणं शक्यच नव्हतं. अँप जुना, काचेच्या ट्यूबवर चालणारा. मोठ्याने वाजवल्याशिवाय त्याचा गळा मोकळा होत नाही, आणि मोठ्याने वाजवला की माइकमध्ये गिटारबरोबर खुर्चीची करकर, कॉम्प्युटरचा पंखा, वाजवणाऱ्याचा श्वास असं सगळंच शिरतं. म्हणून अँप एका खोलीत, आपण दुसऱ्या खोलीत आणि मधे लांबलचक वायरी, असा संसार करावा लागतो. ही दुसरी खोली आईची होती. "आईंना नाहीतरी ऐकू येत नाही," असं बायको एकदा म्हणाली होती, थट्टेने की मनापासून ते तिलाही सांगता आलं नसतं. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. माणसातलं काय अधू आहे ते फटकन बोलून टाकायची तिला सवयच आहे. तो हसलाही नाही आणि रागावलाही नाही. सोय इतकी होती की त्या वाक्याकडे दोघांनीही काणाडोळा केला. आईच्या पलंगाला लागून एक मोठं लाकडी कपाट होतं. त्याचा खालचा कप्पा आईनेच रिकामा करून दिला, अँप आत गेला, समोर माइक उभा राहिला, दारं बंद झाली. तेव्हापासून दुपारी तो आपल्या खोलीत तारा छेडायचा, आवाज आईच्या कपाटात निघायचा आणि वायरीतून फिरून परत त्याच्याच कानात यायचा. मधल्या मधे आई पलंगावर कपाटाला पाठ टेकून बसलेली असायची, हातात काही ना काही शिवण घेऊन.

आईने आयुष्यभर पडदे शिवले. हॉटेलांचे, दवाखान्यांचे, सभागृहांचे. त्याच्या लहानपणी एकाच खोलीच्या एका कोपऱ्यात तिचं मशीन होतं आणि दुसऱ्या कोपऱ्यात त्याची मागून आणलेली गिटार. वडील येता-जाता विचारायचे, ह्यावर पोट भरणार का. ते ठीक, वडील विचारतातच. आई मात्र काहीच म्हणायची नाही. चांगलं नाही, वाईट नाही, पुरे कर असंही नाही. तिचं मशीन धडधडत सुटलं की त्याची गिटार त्यात वाहून जायची. कधी मशीन मधेच थांबायचं, तो आशेने मान वर करायचा, तर ती सुईत दोरा ओवत असायची. मोठा झाल्यावर एकदाच ती त्याच्या कार्यक्रमाला आली. मागच्या रांगेत, पिशवी मांडीवर घेऊन बसली. परतताना त्याने धीर करून विचारलं, कसं झालं? ती थोडा विचार करून म्हणाली, "स्टेजचे पडदे चांगले होते. कापड भारी होतं." हा किस्सा तो पुढे मित्रांना रंगवून सांगायचा, हशा ठरलेला. बायकोलाही लग्नाआधी सांगून त्याने तिला हसवलं होतं. सांगताना दर वेळी आत काहीतरी टोचायचं, ते त्याने कुणाला सांगितलं नाही. मग आईचे कान गेले. आधी दाराची घंटा गेली, मग कुकरची शिटी, मग माणसं. कानाचं यंत्र आणून दिलं, पण त्यात नुसती भांडी ऐकू येतात म्हणून तिने ते काढून ठेवलं. खरं सांगायचं तर त्याला तेव्हा दुःखाबरोबर थोडं हायसंही वाटलं होतं. आता तिला ऐकू येत नाही म्हणून ती काही म्हणत नाही. कारण तरी मिळालं. ह्या हायसं वाटण्याची त्याला अधूनमधून शिसारी येई, आणि मग तो आईसाठी उगाच काहीतरी आणून देई.

ती टकटक शोधायला तो तिच्या खोलीत गेला. बिजागऱ्यांना तेल घातलं, कडीत कापडाची घडी खुपसली, माइकच्या स्टँडचे स्क्रू आवळले. आई पलंगावरून त्याची खटपट बघत होती. "काय हरवलं?" तिने विचारलं. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ती कधी ओरडायची, कधी कुजबुजायची. ह्या वेळी कुजबुजली. तो तिच्याकडे तोंड करून ओठ सावकाश हलवत म्हणाला, "आवाज येतोय कुठूनतरी. सापडत नाहीये." आई म्हणाली, "मग मला कशाला विचारतोस?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर खुदकन हसली. त्याने पुन्हा वाजवून बघितलं. टकटक होतीच. मग त्याने ठरवलं की दोष एखाद्या कडीचा नाही, सगळ्या कपाटाचाच आहे. अँप घुमला की कपाट थरथरतं, कपाटाबरोबर फरशी थरथरते, आणि त्यात कुठेतरी काहीतरी आपटतं. खालच्या मजल्यावरचे काकाही मागे एकदा वर येऊन, तुम्ही वाजवलंत की आमच्या छताला हुडहुडी भरते, असं हात जोडून सांगून गेले होते. उपाय एकच, अँपचा कशालाच स्पर्श होता कामा नये. खाली जाड रबराचे ठोकळे, त्यांवर फळी, फळीवर फोम, फोमवर अँप. भोवती प्लायवूडची पेटी, तीही कपाटाला कुठेच न टेकणारी, चारी बाजूंनी बोटभर पोकळी ठेवून. आणि पेटीला आतून जाडजूड अस्तर. सुतार फळ्या कापून देऊन गेला. अस्तराचं काम निघालं तेव्हा आई पलंगावरून उठलीच.

"हे कशाला?" तिने विचारलं. तो म्हणाला, "आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. खालच्यांना त्रास होतो." "बरोबर आहे," आई म्हणाली, "दुसऱ्याच्या डोक्यावर किती वाजवायचं." तिने स्वतः टेप लावून मापं घेतली, जुनी ब्लँकेटं एकावर एक रचली, त्यांना दोन्हीकडून पडद्याचं उरलेलं जाड कापड लावलं. मशीनखाली ते जाईना, म्हणून हाताने टाके घालायला बसली, बोटात सुई टोचू नये म्हणून घालायची लोखंडी टोपी, तिचं अंगुस्तान. ते ती जेवतानासुद्धा काढायला विसरायची. त्या दिवसांत तो तिच्याजवळ जितका बसला तितका गेल्या कित्येक वर्षांत बसला नसेल. ती टोक धर म्हणायची, तो धरायचा. ती दोरा तोडून दे म्हणायची, तो तोडून द्यायचा. खिडकीतून ऊन पलंगावर यायचं, ब्लँकेटांतून जुनाट लोकरीचा वास उठायचा, आणि दोघं काही न बोलता टाक्यामागून टाका जाताना बघत राहायची. त्याला वाटलं, हे आधीच करायला हवं होतं. अस्तर इतकं नेटकं झालं की पेटीच्या आत लपवायचं जिवावर आलं. सगळं जागेवर बसवल्यावर त्याने आधी वाजवून ठेवलेला एक तुकडा अँपमधून सोडला आणि आईच्या खोलीत येऊन कपाटाला तळहात लावला. काहीच नाही. लाकूड निपचित होतं. फरशीला हात लावला, पलंगाच्या पायाला लावला. कुठे म्हणून कंप नाही. तो एवढा खूश झाला की त्याने आईच्या पाठीवर थाप मारली.

टकटक गेली. संगीतकार म्हणाला, "आता कसं! दादा, स्वच्छ म्हणजे किती स्वच्छ." बोलल्याप्रमाणे त्याने कामही लावून दिलं. दुपारच्या दुपारी भरून गेल्या. तो जेवण उरकून दार ओढून घ्यायचा आणि संध्याकाळी बाहेर यायचा तेव्हा कान दुखत असायचे. घर नीट चाललं होतं, आणि नीट चाललेल्या घराकडे कुणी फारसं बघत नाही. बायकोने बघितलं. "आई वॉशिंग मशीनला हात लावून उभ्या राहतात," ती एकदा म्हणाली. "मशीन चालू असलं की येतात, हात ठेवतात, जरा वेळाने जातात. काल फ्रिजला लावला होता." तो म्हणाला, गरम होतंय का बघत असेल. पुढे आईचं शिवण सुटलं. ती पलंगावर बसायची, पण कपाटाला टेकायची नाही. गाडीची वाट बघणारं माणूस बसतं तशी कडेला बसायची. एका संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालताना बायको हसत म्हणाली, "आज आईंनी मला बाजूला घेऊन काय विचारलं सांगू? त्याचं काम सुटलं का म्हणे. घरात पैशांची ओढाताण असली तर लपवू नका." त्यालाही हसू आलं. "अगं, रोज दुपारभर वाजवतोय मी." बायको म्हणाली, "त्यांना काय माहीत?" "मग आधी तरी तिला काय माहीत होतं?" तो म्हणाला. हे बोलला आणि घडीतला शर्ट हातातच राहिला.

रेकॉर्डिंगमध्ये शेवटचा सूर वाजून गेल्यावर जे उरतं, ते तो कधी ऐकत नसे. तिथे त्याचा हात सवयीने जायचा आणि पुढचं कापून टाकायचा. धंद्यातली साधी शिस्त. सूर विरला की त्यापुढे नुसती खोली उरते, आणि खोली कुणाला हवी असते. कापलेलं मात्र कॉम्प्युटरमध्ये तसंच पडून असतं. त्याने टकटकवालं जुनं रेकॉर्डिंग काढलं आणि ह्या खेपेला कापलेला भाग उघडून पुढे जाऊ दिलं. गिटार विरली. टक्. थोड्या वेळाने पुन्हा एक टक्, जरा अनिश्चित. मग कापडाची सळसळ. आणि मग, कपाटाच्या दारापलीकडून, आईची कुजबुज, "झालं वाटतं."

त्याने दुसरं काढलं, तिसरं काढलं, आधीच्या वर्षातली काढली. बऱ्याच ठिकाणी काही नव्हतं. काही ठिकाणी ती टक्, लोखंडाची लाकडावर. आता ते अंगुस्तान त्याला न बघताही दिसत होतं. एका ठिकाणी ती म्हणाली होती, "कालचंच आहे हे." एका ठिकाणी नुसतीच खाकरली होती. टक् उशिरा का यायची तेही त्याला आता समजलं. गिटार आधी कपाटात पोचायची, कपाटातून तिच्या पाठीत, आणि मग तिचं बोट उठायचं. त्याने हेडफोन काढून ठेवला. लहानपणीचं ते मशीन मधेच थांबायचं, दोरा ओवायला. इतक्या वेळा दोरा तुटतो का कुणाचा? त्याला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. तो उठून आईच्या खोलीत गेला.

"तुला कळायचं मी वाजवतो ते?" त्याने तिच्यासमोर बसून विचारलं. ओठ नीट हलत नव्हते, म्हणून दोनदा विचारावं लागलं. "कळायचं ना," आई म्हणाली. "जाड तारेचं पाठीला लागायचं. बारीकचं हात ठेवला तरच." "मग कधी बोलली का नाहीस?" "त्यात काय बोलायचं? तू काम करत होतास." तिने मांडीवरचा पदर सारखा केला. "मग लागायचं बंद झालं. आधी वाटलं, माझाच हात गेला. म्हणून मशीनला लावून बघितला, तर लागत होतं थोडं थोडं. म्हटलं, म्हणजे हाच वाजवत नाही. काम गेलं असेल. मुलाला तोंडावर कसं विचारायचं?" पेटीचं अस्तर तिनेच शिवलं होतं, ते कशासाठी हेही तिला सांगितलं होतं. पण आवाज अडवायचा म्हणजे कानांचा, ऐकणाऱ्यांचा, खालच्या काकांचा आवाज. तिला जे पोचत होतं त्याला ती आवाज म्हणतच नव्हती. हे तिला समजावून सांगण्यात आता अर्थ नव्हता. सांगितलं असतं तर तिने स्वतःलाच बोल लावला असता.

त्याच दुपारी त्याने अँप पेटीबाहेर काढला आणि पूर्वीसारखा कपाटाच्या तळाशी ठेवला. आईला कपाटापाशी बसवलं. आपल्या खोलीत जाऊन हेडफोन लावला आणि वाजवायला लागला, काम म्हणून नव्हे, लहानपणी पहिल्यांदा बसवलेली धून. वाजवताना त्याचं लक्ष बोटांकडे नव्हतंच, तो फक्त त्या टक्ची वाट बघत होता. ती आली नाही. तो उठून आईच्या खोलीत गेला. ती तळहात कपाटाला लावून बसली होती. "लागतंय?" त्याने विचारलं. त्याच्या तोंडाकडे बघत ती म्हणाली, "हो. छान." तो निवांत झाला. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही. टक् नाही, पण हो, छान. त्याने स्वतःची समजूत घातली की वय झालं, बोट दमत असेल. आणि आता मी विचारायला येतो म्हटल्यावर ठोकून कशाला सांगेल?

मग एका सकाळी बायकोला आईच्या तळहातावर मोठा फोड दिसला. गरम पातेलं तिने हाताने धरलं होतं आणि बाजूला ठेवून पुढची कामं करत राहिली होती. कधी धरलं, तिला सांगता येईना. डॉक्टरांनी हात उलटसुलट करून बघितला, टाचणीचं टोक टेकवून बघितलं. मग खणातून नादकाटा काढला, शाळेत विज्ञानाच्या तासाला असतो तसला. तो आपटल्यावर निघालेल्या सुराने गिटारवाल्याची मान आपसूक वर झाली. डॉक्टरांनी घुमणारा काटा आईच्या बोटाच्या पेरावर टेकवला. "थरथर लागते का आजी?" डॉक्टरांनी विचारलं, आणि बायकोने ते सोबत आणलेल्या पाटीवर लिहून दाखवलं. आई म्हणाली, "हो." डॉक्टरांनी काटा उचलला, दोन बोटांत धरून मुका केला आणि पुन्हा त्याच पेरावर टेकवला. आई डॉक्टरांकडे बघतच नव्हती. ती आपल्या मुलाच्या तोंडाकडे बघत होती. "हो," ती म्हणाली. "छान."

डॉक्टरांनी काटा खणात ठेवला. हातांची जाणीव अशी हळूहळू जाते, ते म्हणाले, साखरेचा आजार जुना आहे, गेलेलं परत येणं अवघड. त्याने विचारलं, केव्हापासून? नक्की सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाले; काही महिन्यांपूर्वीपर्यंत थोडंफार शाबूत असणार. बायको औषधं कशी द्यायची ते विचारत राहिली. त्याला ते नीट ऐकू येत नव्हतं. काही महिन्यांपूर्वी तो रबराचे ठोकळे कापत होता. तिच्या हातात शेवटचं थोडंफार उरलं होतं ते सगळे दिवस त्याने आवाज पेटीत ठेवला होता. तिच्याच हाताने अस्तर शिवून घेऊन. घरी येताना आई खिडकीतून बाहेर बघत होती, पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून, आणि तो तिच्या शेजारी बसून त्या हाताकडे बघत होता. माफी मागायची तर कशाची मागायची, हेही तिला ओठांनी सांगता येण्यासारखं नव्हतं.

घरी आल्यावर खालचे काका येऊन गेले, पुन्हा तीच हुडहुडी, पुन्हा हात जोडून. संगीतकाराचाही निरोप आला, दादा, मागे परत घूं घूं येतंय, असं कसं. तो कपाटासमोर फरशीवर बसला. अँप हलवायचं त्याच्या मनात नव्हतं. का ते त्याला सांगता आलं नसतं; जणू तो तिथे उघडा राहिला तर काहीतरी राहील. आई पलंगावरून बघत होती. तिने काका दारात हात जोडताना बघितले होते, आणि निरोपाचं बायकोने तिला पाटीवर लिहून दाखवलं होतं. "ठेव ते परत पेटीत," ती म्हणाली. "राहू दे," तो म्हणाला. "लोकांना त्रास होतो. तुझं कामही खराब होतं." "आणि तुला?"

आईने पट्टीचा हात उचलून कपाटाला लावला, मग काढला. "मला काय," ती अगदी हळू म्हणाली, "पेटीत ठेवलंस तरी मला लागतं. तू वाजव फक्त."

तो अँपच्या मागे वाकून वायरी सोडवू लागला. सगळ्या सुटल्यावरही तसाच वाकून राहिला, कारण मान वर केली असती तर तिने त्याचा चेहरा वाचला असता.